मुरगाव बंदराचा गाळ नेमका कुठला?

बंदराच्या तळाचा गाळ तांबूस आणि लोहाने भरलेला दिसला की बोट लगेच खाणींकडे जातं. पण गोव्यात लोह नाही कुठे? जांभ्यात ते ठासून भरलेलं, ईशान्य टोकाच्या दख्खनी बेसाल्टमध्येही आहे आणि डिचोली, सत्तरी, सांग्याच्या खाणींतल्या लोहखनिजात तर आहेच. नुसतं लोह मोजून गाळाचं मूळ ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं याहून भरवशाची साक्ष देतात.

लँथेनमपासून ल्युटेशियमपर्यंत ही १५. प्रोमेथियम निसर्गात जवळजवळ नाहीच, म्हणून मोजायची १४. ती पाण्यात फारशी विरघळत नाहीत, चिकणमातीच्या बारीक कणांना धरून राहतात. गाव सुटलं तरी आडनाव टिकावं, तसं खडक झिजून गाळ झाला तरी त्यांचं आपसातलं प्रमाण बरंचसं टिकतं.

त्यातली दोन वेगळी वागतात. सेरियम ऑक्सिजन मिळाला की चार विद्युतभारांचं होतं आणि जागीच बसतं, म्हणून जांभ्यात ते पुष्कळदा शेजाऱ्यांपेक्षा जास्त सापडतं. युरोपियम ऑक्सिजन नसलेल्या गरम पाण्यात सहज विरघळतं. अब्जावधी वर्षांपूर्वी समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांतून ते भरपूर बाहेर पडलं आणि त्या काळच्या पट्टेदार लोहखडकांत साचलं. गोव्याचं खनिज अशाच प्राचीन खडकांतलं.

म्हणजे युरोपियम जास्त दिसलं की खनिज आलं? इतकं सोपं नाही. प्रमाणं पाहताना ती सर्वसाधारण शेल खडकातल्या (चिखल दाबला जाऊन बनलेल्या खडकातल्या) प्रमाणांनी भागतात आणि तसं केल्यावर बेसाल्टमध्येही युरोपियम थोडं वर दिसतं. शिवाय शुद्ध खनिजात ही मूलद्रव्यं एकूणच कमी असतात. ते मिसळल्यावर गाळाची खूण उठून दिसण्याऐवजी फिकी पडते. एकूण प्रमाण घटलं, लोह वाढलं आणि युरोपियमही वर राहिलं, तरच खनिजाचा संशय घट्ट होतो.

खाडीही आपली भर घालते. गोडं पाणी खाऱ्याला भेटलं की नदीतले अतिसूक्ष्म कण गुठळ्या होऊन खाली बसतात आणि पाण्यातली ही मूलद्रव्यं, विशेषतः हलकी, सोबत नेतात. शिवाय पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी आग्वादचा वाळूचा दांडा खनिज वाहणाऱ्या बार्जना अडवतो, तेव्हा मांडवीकडचं खनिज कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत येतं, आणि मुरगाव बंदर झुआरीच्याच मुखाशी आहे. एका नदीचा माल दुसरीच्या गाळात सापडू शकतो.

त्यामुळे बंदरातली वरची माती उचलून भागत नाही. तिथला तळ उपसला जातो, जहाजांनी ढवळला जातो. खाडीच्या शांत कोपऱ्यात, खारफुटीच्या चिखलात खोल नळी घालून थर जसेच्या तसे काढायला हवेत. २०१२ आणि २०१८ साली खाणी थांबल्या. त्यानंतरच्या थरांत खनिजाची खूण कमी होते का, हे तिथे तपासता येईल.