बाख ज्याच्यासाठी चालत गेला

जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाखची एक गोष्ट हमखास सांगितली जाते. १७०५ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, जर्मनीतल्या आर्नश्टाट गावच्या चर्चकडून त्याने चार आठवड्यांची रजा घेतली, जवळपास चारशे किलोमीटर चालत उत्तरेचं ल्युबेक शहर गाठलं आणि परतला तो तीन-चार महिन्यांनी! ज्याला ऐकायला तो गेला, तो ऑर्गनवादक आणि संगीतकार डीटरिश बुक्स्टेहूडे मात्र या गोष्टीत नावापुरता येतो. मला हे खटकतं.

बुक्स्टेहूडेचे वडीलही ऑर्गनवादक. त्याचं लहानपण डेन्मार्कमधल्या हेल्सिंग्योरला गेलं. १६६८ मध्ये ल्युबेकच्या सेंट मेरी चर्चमध्ये त्याची नेमणूक झाली, ती १७०७ मध्ये मरेपर्यंत टिकली. आधीचा ऑर्गनवादक फ्रान्झ टुंडर याच्या मुलीशी त्याने लग्न केलं. चर्चचे हिशेबही तोच बघायचा. नाताळाआधीच्या ठरावीक पाच रविवारी तो संध्याकाळच्या मैफली करायचा. खर्च शहरातले व्यापारी उचलत आणि ऐकायला कुणीही यावं. त्या मैफलींसाठी रचलेलं मोठमोठं संगीत जवळजवळ सगळं हरवलं. १७०५ च्या डिसेंबरमधल्या दोन भव्य प्रयोगांची तर फक्त छापील शब्दसंहिता उरली आहे, सूर नाहीत.

जे वाचलं, त्याचं बरंचसं श्रेय स्टॉकहोमच्या दरबारातला संगीतप्रमुख गुस्टाव ड्युबेन या मित्राचं. तो बुक्स्टेहूडेच्या रचना जमवत राहिला. १७३२ मध्ये ड्युबेनच्या मुलाने तो संग्रह स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाला दिला. ‘मेम्ब्रा जेझू नोस्ट्री’ (आमच्या येशूचे अवयव) ही १६८० ची गायनरचना बुक्स्टेहूडेने ड्युबेनलाच अर्पण केली. बुक्स्टेहूडेच्या हातची ती प्रत टॅब्लेचरमध्ये आहे, म्हणजे आपण सा-रे-ग-म लिहितो तसे अक्षरांत मांडलेले स्वर. क्रूसावरच्या येशूच्या पायांपासून चेहऱ्यापर्यंत सात भाग आहेत. सहाव्यात, हृदयापाशी, व्हायोलिनं थांबतात आणि पाच व्हिओला द गांबा, म्हणजे गुडघ्यांत धरून गजाने वाजवायची जुनी तंतुवाद्यं, सुरू होतात. तो गडद, दाटलेला नाद एकदा तरी डोळे मिटून ऐकावा.

२००६ मध्ये जर्मनीतल्या वायमारच्या ग्रंथालयात बुक्स्टेहूडेच्या एका ऑर्गनरचनेची नक्कल ओळखू आली. तीही टॅब्लेचरमध्ये. अक्षर बाखचं, वय तेरा-चौदाच्या आसपासचं. ल्युबेकची वाट धरण्याआधी कित्येक वर्षं हा मुलगा ते स्वर एकेक करून उतरवत बसला होता.