डॅशबोर्डमधली रिकामी खाच

पुण्यात सेकंड हँड गाडी घेताना माणूस काय काय तपासतो? आरसी बुक, विम्याची तारीख, दुसरी किल्ली, स्टेपनी, सर्व्हिसिंगच्या पावत्या. ओळखीतला मेकॅनिक सोबत असला तर तो खाली वाकून पत्रा बघतो, ऑइल बोटावर घेऊन वास घेतो. नकाशाचं कार्ड मात्र कुणी मागत नाही. मीही मागितलं नव्हतं. महिनाभराने सहज स्क्रीनवरच्या ‘नेव्हिगेशन’वर बोट ठेवलं, तर एसडी कार्ड घाला असा निरोप आला. ग्लव्ह बॉक्समध्ये वरच्या अंगाला खाच सापडली, पण ती रिकामी होती. एजंटाला फोन केला. तो म्हणाला, “साहेब, मोबाइल आहे ना तुमच्याकडं?”

त्याचं काही चूक नव्हतं. पण मग ही खाच मुळात दिली कशाला, आणि शेजाऱ्याच्या अगदी तशाच गाडीतल्या कार्डाची कॉपी माझ्या गाडीत का चालत नाही, हे प्रश्न उरतातच. त्यांच्या उत्तरासाठी चाळीसेक वर्षं मागे जावं लागतं.

मोटारीतला नकाशा उपग्रहांच्या आधी आला. होंडाने १९८१ मध्ये जपानात ‘इलेक्ट्रो गायरोकेटर’ नावाचं यंत्र काढलं. त्यातला हीलियम वायूवर चालणारा जायरोस्कोप गाडी किती वळली ते सांगायचा, चाकांच्या फेऱ्यांवरून अंतर कळायचं, आणि पडद्यावरचा ठिपका त्या हिशेबाने सरकायचा. नकाशा म्हणजे पडद्यावर बसवायची पारदर्शक फिल्म. तेवढा भाग संपला की दुसरी फिल्म लावायची. कात्रजच्या जुन्या घाटात, रात्री, पावसात हे करून बघायची कल्पना करा.

१९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ईटॅक कंपनीने नकाशा डिजिटल करून कॅसेटवर भरला. आपण गाणी ऐकायचो तशीच कॅसेट. एकीवर फारसं मावत नसल्याने एका मोठ्या शहराला अनेक कॅसेटी लागायच्या. या यंत्राची खरी करामत वेगळीच होती. चाकं आणि होकायंत्र यांच्या हिशेबात चूक साचत जाते, म्हणून सॉफ्टवेअर दर वळणाला नकाशाशी पडताळा घ्यायचं: गाडी नुकतीच काटकोनात वळली म्हणजे ती या चौकातच असणार, चला, ठिपका चौकात आणून ठेवा. ही युक्ती आजच्या प्रत्येक नेव्हिगेशनमध्ये आहे. कंपनीचं नाव पॅसिफिक महासागरातल्या नावाड्यांच्या पद्धतीवरून घेतलेलं. त्यांच्या हिशेबात होडी जागेवर स्थिर असते आणि बेटं तिच्याजवळून सरकत जातात. स्क्रीनवर आपली गाडी मधोमध उभी आणि रस्ते खाली सरकताहेत, हे दृश्य तेच.

माझ्या मते खाचेची गोष्ट या कॅसेटीपासूनच सुरू होते. गाडी एकाची, नकाशा दुसऱ्याचा. नकाशा वेगळा विकत घ्यायचा, जुना झाला की पुन्हा घ्यायचा. पुढे कॅसेट जाऊन सीडी आली, सीडी जाऊन डीव्हीडी आली, पण हा व्यवहार बदलला नाही.

सीडी आणली टोयोटाने, १९८७ च्या क्राउन गाडीत. १९९० मध्ये माझदाच्या युनोस कॉस्मोमध्ये जीपीएस कारखान्यातूनच बसवून आलं. जीपीएस हे मूळचं अमेरिकन लष्कराचं. १९८३ मध्ये वाट चुकलेलं कोरियन प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडलं, त्यानंतर अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी ही यंत्रणा नागरी वापराला देण्याची घोषणा केली. पण द्यायचं ते हातचं राखून: सामान्य वापराच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असायची, जवळपास शंभर मीटरपर्यंतची. शंभर मीटर म्हणजे शनिवार-सदाशिवच्या भागात आपण लक्ष्मी रस्त्यावर आहोत की कुमठेकर रस्त्यावर, हे यंत्राला सांगता येणार नाही. २ मे २००० रोजी ही मुद्दामची चूक बंद झाली आणि एका रात्रीत जगभरची यंत्रं दहा-वीस मीटरपर्यंत नेमकी झाली. मोटारीतल्या नेव्हिगेशनची बाजारपेठ खऱ्या अर्थाने तिथून फुगली.

फिरती डिस्क मात्र गाडीत कधीच सुखाने नांदली नाही. खड्ड्यांचे हादरे, धूळ, उन्हात तापलेला डॅशबोर्ड, त्यात लेन्स मळणार आणि वाचन अडणार. काही कंपन्यांनी हार्ड डिस्क घातली. शेवटी बाजी मारली एसडी कार्डाने, कारण त्यात हलणारा भागच नाही. सॅनडिस्क, मात्सुशिता (म्हणजे पॅनासॉनिक) आणि तोशिबा यांनी हे कार्ड १९९९ मध्ये मिळून जाहीर केलं. एसडी म्हणजे सिक्युअर डिजिटल, आणि ‘सिक्युअर’ हा शब्द शोभेचा नव्हता. गाण्यांच्या चोरीला घाबरलेल्या संगीत कंपन्यांची समजूत काढायला कार्डात कॉपीविरोधी सोय ठेवलेली होती. कॅमेरे आणि मोबाइल वापरणाऱ्यांनी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मोटारवाल्यांना मात्र कुलूप लावता येईल असंच कार्ड हवं होतं.

शेजाऱ्याच्या कार्डाची कॉपी का चालत नाही, त्याचं उत्तर इथे आहे. प्रत्येक एसडी कार्डाच्या आत कारखान्यातच एक ओळखक्रमांक कोरलेला असतो. संगणकावर कार्ड उघडलं की दिसणाऱ्या फायलींत तो नसतो, म्हणून सगळ्या फायली जशाच्या तशा उतरवून घेतल्या तरी तो येत नाही. सिस्टीम सुरू होताना नकाशासोबतची परवान्याची फाइल आणि कार्डाचा क्रमांक जुळतात का ते बघते. जुळले नाहीत तर नकाशा समोर असूनही उघडत नाही. काही कंपन्या याहून पुढे गेल्या आणि त्यांनी कार्ड गाडीच्या चासी नंबरलाच बांधून टाकलं. काहींनी उलटं केलं: कार्ड साधं, पण गाडीच्या सिस्टीममध्ये नेव्हिगेशनचं कुलूप, आणि ते उघडायचा कोड वेगळा विकत घ्यायचा. त्यामुळे ऑनलाइन जुनी कार्डं विकणाऱ्यांकडून घेतलेलं कार्ड चालेल की नाही, हे गाडीचं मॉडेलच नव्हे, तर सिस्टीमची पिढी कळल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. आणि मुलाने हौसेने ते कार्ड कॅमेऱ्यात घालून फॉरमॅट केलं, तर विषयच संपला.

हा सगळा बंदोबस्त कशासाठी, हे नकाशाची किंमत पाहिली की कळतं. तेव्हा जगभरचे रस्ते मोजून ठेवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या होत्या, नॅवटेक आणि टेली अॅटलास. २००८ मध्ये नोकियाने नॅवटेक आठ अब्ज डॉलरहून जास्त मोजून घेतली, तर नेव्हिगेशनची यंत्रं विकणाऱ्या टॉमटॉमने त्याच वर्षी टेली अॅटलास सुमारे २.९ अब्ज युरोंना. यंत्र कुणीही बनवेल. रस्त्यारस्त्यावरून गाडी फिरवून कुठे एकेरी आहे, कुठे उजवीकडे वळायला बंदी आहे हे लिहून घेणं, हाच खरा माल होता.

आपल्याकडे या मालाला आणखी एक अडसर होता. सर्व्हे ऑफ इंडिया १७६७ पासूनची संस्था, आणि उपखंडाच्या मोजणीचा तिचा इतिहास अभिमान वाटावा असाच. पण नकाशा ही संरक्षणाची बाब, ही धारणाही तितकीच पक्की. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नकाशांच्या दोन मालिका वेगळ्या केल्या, एक संरक्षणासाठी, दुसरी सर्वांसाठी. सर्वांसाठीची मालिका जीपीएस वापरतं त्या मापनपद्धतीवर बेतलेली होती. जुने नकाशे सर्व्हेअर जॉर्ज एव्हरेस्टच्या काळात ठरवलेल्या पृथ्वीच्या आकारमानावर आधारलेले, त्यामुळे उपग्रहाने सांगितलेला बिंदू त्यांवर थेट ठेवला तर जागा सरकायची. त्या दशकात मी पाहिलेल्या एक-दोन आयात गाड्यांत नेव्हिगेशनचं बटण होतं, पण आत भारताचा नकाशाच नव्हता.

ही पोकळी देशी कंपन्यांनी भरली. राकेश आणि रश्मी वर्मा यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या कंपनीचं मॅपमायइंडिया हे नाव लोकांना २००४ च्या संकेतस्थळामुळे माहीत झालं. हैदराबादच्या सॅटनॅवचं ‘सॅटगाइड’ही होतं. काचेला चिकटवायची छोटी यंत्रं आली, तीही बहुधा कार्डावरच्या नकाशाची. मग नाना पेठेतल्या आणि इतर ॲक्सेसरीवाल्यांकडे मोठ्या स्क्रीनचे चिनी स्टीरिओ आले. त्यांतल्या बऱ्याच स्टीरिओंच्या पोटात विंडोज सीई, म्हणजे छोट्या यंत्रांसाठीचं विंडोज, असायचं आणि सेटिंगमध्ये ‘नेव्हिगेशन पाथ’ नावाची एक ओळ. कार्डावर कुठलंही नेव्हिगेशन सॉफ्टवेअर टाका, त्या ओळीत त्याची फाइल दाखवा, की बटण दाबल्यावर नकाशा उघडलाच. कंपनीच्या कुलूपबंद कार्डाच्या शेजारी ही अशी सताड उघडी खाच. साहजिकच चोरीच्या नकाशांची कार्डं हातोहात फिरली. त्याचं समर्थन मी करत नाही, पण ‘कार्ड टाकलं की झालं’ ही समजूत लोकांत पसरली ती त्या काळात. कंपनीच्या सिस्टीमसमोर आज लोक गोंधळतात, त्याचं कारणही तेच.

मग मोबाइल आला. ऑक्टोबर २००९ मध्ये गूगलने अमेरिकेत फोनवरचं बोलतं नेव्हिगेशन फुकट जाहीर केलं आणि नेव्हिगेशनची यंत्रं विकणाऱ्या गार्मिन-टॉमटॉमचे शेअर त्याच दिवशी कोसळले. भारतात ही सोय २०१२ मध्ये आली, आणि वाहतुकीची ताजी स्थिती ज्या शहरांत सुरुवातीला दिसू लागली त्यांत पुणे होतं. तरी कार्ड लगेच संपलं नाही, कारण इंटरनेट महाग होतं. मारुतीच्या स्मार्टप्ले सिस्टीममध्ये नकाशाचं कार्ड होतं, चाकणला तयार होणाऱ्या जर्मन गाड्यांच्या वरच्या मॉडेलांत होतं. टाटांनी २०१४ च्या झेस्टमध्ये वेगळी वाट धरली: नकाशा मॅपमायइंडियाचा, पण राहायचा फोनमध्ये आणि दिसायचा गाडीच्या स्क्रीनवर. त्याच सुमारास ॲपलचं कारप्ले आणि गूगलचं अँड्रॉइड ऑटो आलं. २०१६ मध्ये जिओने डेटा स्वस्त केला आणि कार्डाचा उरलासुरला आधार गेला. स्वतःचा नकाशा विकण्यापेक्षा फोनची आरशासारखी नक्कल दाखवणं गाडी कंपन्यांनाही स्वस्त पडलं.

कार्डाच्या मुळावर उठलेली दुसरी गोष्ट म्हणजे आपली शहरं. नकाशा गोळा करणारे फिरणार, माहिती तपासली जाणार, ती गाडी कंपनीच्या साच्यात बसवली जाणार, मग चाचण्या, मग कार्ड. हातात येईतो नकाशा शिळा झालेला असतो. इतक्या वेळात पुण्यात काय होत नाही? विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला. चांदणी चौकातला पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री स्फोटकांनी उडवला आणि तिथल्या नव्या बहुमजली रस्त्यांचं उद्घाटन १२ ऑगस्ट २०२३ ला झालं. महापालिकेत २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावं आली. शहराबाहेर पडलात तर समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. त्याआधीच्या कार्डावर गाडी शेतातून ताशी शंभरने धावताना दिसते. अहमदनगर टाइप केलं तर सापडतं, अहिल्यानगर केलं तर नाही.

सरकारनेही पुढे दार उघडलं. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय कंपन्यांना आधी परवानगी न घेता नकाशे गोळा करायची, विकायची मुभा दिली. एक मीटरहून बारीक तपशील मात्र देशी कंपन्यांपुरते राखले. बऱ्याच नव्या गाड्यांत ई-सिम, म्हणजे गाडीतच बसवलेलं सिम, असतं आणि नकाशा आपोआप ताजा होत राहतो. खाच ठेवायचं कारणच उरलेलं नाही.

तरीही जुन्या कार्डावर जीव असलेली माणसं मला भेटतात, आणि त्यांचं म्हणणं टाकाऊ नाही. गाडीतल्या नेव्हिगेशनला चाकांच्या सेन्सरची माहिती मिळते, त्यामुळे एक्स्प्रेसवेच्या बोगद्यात ठिपका अडकून बसत नाही. ताम्हिणीत किंवा वरंध्यात रेंज गेली तरी नकाशा जागेवर असतो. (गूगलवरही नकाशा उतरवून ठेवता येतो, पण घाटाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत ते आठवतं कुणाला?) स्पीडोमीटरच्या शेजारी वळणाचा बाण दिसतो, तो जुन्या गाड्यांत बहुतेकदा कंपनीच्याच नकाशाचा असतो. आणि फोन आला की नकाशा मागे जात नाही.

माझं कार्ड शेवटी मिळालं. आरसीवरून गाडीचे पहिले मालक निगडीचे निघाले. एजंटाच्या मागे लागून त्यांच्यापर्यंत पोचलो. कार्ड त्यांनी गाडी विकताना काढून कपाटात ठेवलं होतं, “महागाचं असतं म्हणून.” त्यांच्या कुठल्याही नव्या गाडीत ते चालणार नव्हतं, पण चहा पाजून त्यांनी ते एका पाकिटात घालून दिलं. खाचेत सरकवल्यावर मिनिटभर स्क्रीन काळी राहिली, मग नकाशा उघडला. आता कोथरूडहून भूगावकडे जाताना गाडी मला चांदणी चौकात जुन्या पुलावर चढायला सांगते.