आणायच्या आधी बसायचं: रिट्रीव्हर पिल्लाच्या शिक्षणामागचा इतिहास

रिट्रीव्हर, म्हणजे पडलेला पक्षी उचलून आणणाऱ्या शिकारी जातीच्या पिल्लाला वस्तू आणायला शिकवताना सुरुवात होते ती बसवण्यापासून. डमी, म्हणजे सरावासाठी पक्ष्याऐवजी फेकायची वस्तू, समोर पडली तरी पिल्लाने हलायचं नाही. हुकूम मिळाला की सुटायचं. नव्याने लॅब्राडॉर घेतलेल्यांना हा क्रम उलटा वाटतो. पण तो फार विचारपूर्वक आलेला आहे, आणि त्याचं मूळ एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटनच्या बंदुकांत आहे.

त्या काळी बंदुका ठासणीच्या होत्या. नळीत दारू ओता, छर्रे टाका, गजाने ठासा, मग पुढचा बार. एवढ्या वेळात पक्षी हुडकून दाखवणारा पॉइंटर किंवा सेटर जातीचा कुत्रा पुढे धावला, तर झुडपात दबून बसलेले उरलेले पक्षी भुर्रकन उडून जायचे आणि शिकाऱ्याच्या हातात रिकामी बंदूक राहायची. म्हणून बार ऐकताच कुत्र्याने पोट टेकून जागीच पडायचं, अशी सवय लावत.

१८५१ साली लंडनच्या प्रदर्शनात लफोशे या फ्रेंच कारागिराची, मागून काडतूस भरायची बंदूक आली. इंग्रज बंदूकवाल्यांनी ती कल्पना उचलली, आणि त्यानंतरच्या काही दशकांत शिकारीची पद्धतच पालटली. शिकारी रांगेत उभे राहणार, हाकेकरी रान झोडपत फेजंट नाहीतर ग्राउज हे पक्षी त्यांच्या दिशेने उडवणार, आणि एका हाक्यात कितीतरी पक्षी पडणार. आता पक्षी हुडकणाऱ्यापेक्षा पडलेला उचलून आणणारा कुत्रा हवा होता. हाका संपेपर्यंत मालकाच्या पायाशी बसून कोणता पक्षी कुठे पडला हे त्याने लक्षात ठेवायचं. बारामागून बार होत असताना तासभर शांत बसणं हे धावण्यापेक्षा किती अवघड असेल!

असे कुत्रे ब्रिटनला मिळाले ते बरेचसे आजच्या कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरून. तिथल्या कोळ्यांचे सेंट जॉन्स कुत्रे थंडगार पाण्यात उड्या मारून गळातून सुटलेले मासे आणि जाळ्यांचे दोर ओढून आणत. मासळीच्या व्यापारी जहाजांतून ते इंग्लंडच्या ‘पूल’ नावाच्या बंदरात उतरले. माम्सबरीच्या अर्लने आणि बक्लूच्या ड्यूकने त्यांची पैदास जपली. त्यातून आजचा लॅब्राडॉर घडला. १९०३ साली ब्रिटिश केनेल क्लबने त्याला मान्यता दिली. गोल्डन रिट्रीव्हरची सुरुवात स्कॉटलंडमध्ये १८६८ च्या एका विणीपासून झाली: लॉर्ड ट्वीडमाउथ यांचा पिवळा कुत्रा नूस आणि ट्वीड वॉटर स्पॅनियल जातीची बेल यांची पिल्लं.

शिकवण्याची तऱ्हा मात्र बराच काळ चाबकाचीच होती. १८४८ साली हचिन्सन या लष्करी अधिकाऱ्याचं कुत्र्यांच्या शिक्षणावरचं पुस्तक निघालं. खाऊचं बक्षीस, हाताच्या खुणा आणि माणसाचा संयम यांवर त्यात भर होता. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोठं वळण तेच, कारण मार खाल्लेला कुत्रा पक्षी उचलेल, पण हातात द्यायला आनंदाने येणार नाही.

आणि खरी परीक्षा हातात देण्याचीच. रिट्रीव्हरच्या स्पर्धांत परीक्षक आणलेल्या पक्ष्याच्या बरगड्या बोटांनी चाचपून बघतात. त्या चिरडलेल्या निघाल्या तर कुत्रा बाद. म्हणून पिल्लाच्या तोंडातली वस्तू कधी हिसकत नाहीत, आणि ते घेऊन पळालं तर पाठलाग करत नाहीत. उलट आपणच दुसरीकडे पळायचं, म्हणजे ते मागे येतं. सुरुवात घरातल्या अरुंद बोळात होते, कारण तिथे पळायला दुसरी वाट नसते. मग आखूड गवत, मग उंच गवत, मग पाणी. मोकळ्या रानात वास, वारा, उडती पाखरं सगळं एकदम अंगावर येतं आणि घरात पक्का झालेला धडा विसरला जातो. अशा वेळी पिल्लाला हट्टी ठरवणं अन्यायाचं आहे. एक पायरी मागे यावं, अंतर कमी करावं. बंदुकीचा आवाजही आधी लांबूनच ऐकवतात.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीला जागा उरली नाही, आणि ते योग्यच झालं. उचलून आणण्याची ती ओढ इथे दुसऱ्या कामी आली. १९९३ च्या स्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या ज्या जंजीरने आरडीएक्सचे साठे हुंगून काढले, तो लॅब्राडॉरच होता. स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्याला मात्र माल तोंडात धरू देत नाहीत. वास लागला की त्याने तिथेच बसून राहायचं.