कौल बसलं की कळतं

मे सरत आला की आमच्या खानापूर तालुक्यात घरं शाकारायची घाई उडते. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात एक कौल फुटकं राहिलं, तर पाणी थेट चुलीपर्यंत येतं. आजोबा छपरावर चढायचे, मी खालून कौलं द्यायचो. नवं कौल ते शेजारच्या कौलाच्या खाचेत सरकवून बघायचे. दुसऱ्या साच्यातलं असलं की ते डुगडुगायचं आणि लगेच खाली परत यायचं.

परवा मोबाईलवर ‘डीएनए दुरुस्त करणाऱ्या’ चूर्णाची जाहिरात आली, तेव्हा तेच कौल आठवलं. ही दुरुस्ती आपल्या पेशी अहोरात्र करत असतात. निव्वळ अंगातल्या उष्णतेने आणि पाण्याने एकेका पेशीच्या डीएनएमधून दिवसाला सुमारे 10,000 अक्षरं गळतात (ए, टी, जी, सी ही डीएनएची चार रासायनिक अक्षरं), मुख्यतः ए आणि जी. डीएनए असा आपोआप झिजतो हे दाखवणारे टॉमस लिंडाल 2015 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी.

गळालेल्या जागी नवं अक्षर बसवतं ते डीएनए पॉलिमरेज बीटा, 335 अमिनो आम्लांच्या साखळीचं छोटंसं विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन. डीएनएच्या दोन धाग्यांपैकी समोरच्या धाग्यावर सी असेल तर जीच हवा, हे त्याला कळतं ते आकारावरून. ए-टी आणि जी-सी या जोड्यांची रुंदी जवळपास सारखी असते. अशी जोडी जमली की विकराचा एक भाग बिजागरीवर फिरून तिच्यावर झाकणासारखा मिटतो.

मला सगळ्यात आवडतं ते पुढचं. विकर उघडं असताना त्याच्या साखळीत 192 व्या जागेवरचं अमिनो आम्ल, ॲस्पार्टिक आम्ल, 258 व्या जागेवरच्या आर्जिनिनला बिलगून असतं. झाकण मिटताना 272 वं फेनिलॲलानिन दोघांच्या मध्ये घुसतं. ॲस्पार्टिक आम्ल मोकळं होतं आणि मॅग्नेशियमला धरतं. मॅग्नेशियमचे दोन आयन जागच्या जागी बसले, की नवा बंध जुळतो. चुकीच्या अक्षराने जोडी वाकडी झाली तर ही जुळणीच जमत नाही आणि बहुतेक वेळा ते अक्षर जोडलं जाण्याआधीच निसटतं. बसवलेलं अक्षर तपासून काढून टाकायची सोय या विकराकडे नाही, म्हणून सगळी मदार या मिटण्यावर. तरीही काही हजारांत एखादी चूक होतेच.

बिजागरीजवळ, 260 व्या जागेवर, आयसोल्युसिनऐवजी ग्लुटामिन आलं तर चुकीचं अक्षरही आत टिकून राहतं आणि चुका वाढतात. 335 मधलं फक्त एक बदललं तर एवढा फरक! चूर्ण त्या बिजागरीपर्यंत पोचणार कसं? त्यात हे विकर खरोखर घातलं, तरी पोटात ते डाळीतल्या प्रथिनासारखंच पचून जाईल.

अक्षर बसल्यावर उरलेली फट सांधायला लायगेज नावाचं दुसरं विकर येतं. ते तर डीएनएला चहूबाजूंनी वेढा घालूनच काम करतं.