मिरज जंक्शन
मिरज जंक्शन : सांगली जिल्ह्यातील मिरज शहराचे रेल्वे स्थानक. मध्य रेल्वेच्या पुणे विभागात मोडते. पुणे, कोल्हापूर, बेळगाव-लोंढा आणि पंढरपूर-कुर्डुवाडी असे चार दिशांचे मार्ग येथे एकत्र येतात. १९७१ पासून १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ब्रॉडगेज (१,६७६ मिमी), मीटरगेज (१,००० मिमी) आणि नॅरोगेज (७६२ मिमी) असे तिन्ही मापांचे रूळ या एका स्थानकात होते. रुळाचे माप बदलले की गाडी पुढे जात नाही. माणसाला उतरावे लागते आणि माल उतरवून घ्यावा लागतो. मिरजेचे महत्त्व याच उतरण्या-चढण्यातून वाढले.

सदर्न मराठा रेल्वेने पुणे ते लोंढा हा मीटरगेज मार्ग बांधला, त्यावर पटवर्धनांच्या मिरज संस्थानाचे हे गाव आले. १८९० च्या सुमारास हा मार्ग पूर्ण झाला. सह्याद्रीच्या पूर्वेकडील सपाटीने गेलेल्या या मार्गात कोल्हापूर बाजूला राहिले. म्हणून कोल्हापूर संस्थानाने स्वतःच्या खर्चाने मिरजेपर्यंत रूळ आणले. १८८८ मध्ये कामाची सुरुवात झाली तेव्हा शाहू महाराज तेरा-चौदा वर्षांचे होते. १८९१ मध्ये गाडी सुरू झाली तेव्हाही त्यांच्या हाती कारभार आला नव्हता, तो १८९४ मध्ये आला. या मार्गाचे श्रेय महाराजांच्या कारकिर्दीला सरसकट दिले जाते, म्हणून हा कालक्रम ध्यानात ठेवावा. पुढे या मार्गाचा पुरेपूर उपयोग मात्र त्यांनीच केला. याच रुळालगत जयसिंगपूरची पेठ त्यांनी वसवली.

सांगलीला १९०७ मध्ये मिरजेहून एक छोटा मीटरगेज फाटा मिळाला. तो शहरात येऊन संपत असे. ब्रॉडगेज आल्यावर हा फाटा बंद झाला आणि मुख्य मार्गावर सांगलीचे नवे स्थानक झाले. जुन्या जागेला आजही ‘स्टेशन चौक’ म्हणतात. नाव ऐकून गाडी पकडायला तिथे गेलेल्या परक्या माणसाला रिक्षा करून परत फिरावे लागते.

तिसऱ्या मापाचा, म्हणजे नॅरोगेज रूळ बार्शी लाइट रेल्वेचा. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या ब्रिटिश अभियंत्याने ही रेल्वे उभी केली. अडीच फुटी रूळ म्हणजे प्रौढ माणूस पाय फाकून उभा राहिला तर दोन्ही रुळांवर एकेक पाय टेकतो, एवढीच रुंदी. पण कॅल्थ्रॉपचा हिशेब पक्का होता : चाकांच्या कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही आणि सगळ्या आसांवर तो सारखा वाटायचा, म्हणजे हलक्या रुळावरूनही भरपूर माल नेता येतो. १८९७ मध्ये बार्शी रोड (आजचे कुर्डुवाडी) ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू झाला. १९०६ मध्ये रूळ पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये सांगोला, जत रोड, ढालगाव, कवठेमहांकाळ, सलगरे, आरग अशी गावे घेत मिरजेला पोचले. लातूर ते मिरज हे अंतर सुमारे ३२५ किमी होते. दुष्काळी पट्ट्यातल्या या गावांना बाहेरच्या जगाशी जोडणारी हीच गाडी, आणि आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांचीही हीच. १९५४ मध्ये ती सरकारने ताब्यात घेतली; लोकांच्या तोंडी मात्र ती ‘बार्शी लाइट’च राहिली.

१९७१ मध्ये पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला आणि मुंबईहून कोल्हापूरला थेट महालक्ष्मी एक्सप्रेस धावू लागली. तोवर पुण्याला होणारी गाडीबदल आता मिरजेला होऊ लागली. मुंबईहून बेळगाव, हुबळी, बंगळूर किंवा गोव्याला रेल्वेने जाणाऱ्याने इथे उतरायचे, ट्रंका-वळकट्या हमालाच्या डोक्यावर द्यायच्या आणि मीटरगेजच्या फलाटावर जागा धरायची. कोकण रेल्वेच्या आधी गोव्याला गेलेल्या पिढीच्या आठवणीत मिरजेचा फलाट हमखास असतो. दक्षिणेकडचा मार्ग १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाल्यावर ही उतर-चढ थांबली.

विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये येथे सुरू केलेल्या मिशन रुग्णालयाकडे येणाऱ्या रुग्णांना या रेल्वेने वाट दिली. वैद्यकीय नगरी म्हणून मिरजेचा जो लौकिक झाला त्यात जंक्शनचा वाटा मोठा आहे. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे घर मिरजेत होते. १९३७ मध्ये मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना गाडीत त्यांची प्रकृती बिघडली, म्हणून ते सिंगपेरुमाळकोविल या लहानशा स्थानकावर उतरले आणि तिथेच त्यांनी प्राण सोडला. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि दरवर्षी तिथे गाण्याची सभा भरते.

नॅरोगेज सर्वांत शेवटी गेले. लातूर-कुर्डुवाडी मार्ग २००८ पर्यंत आणि पंढरपूर-मिरज टप्पा २०१०-११ मध्ये ब्रॉडगेज झाला. लातूर-कुर्डुवाडीच्या रूपांतरात मार्ग उस्मानाबाद (आता धाराशिव) शहराजवळून वळवण्यात आला. तोवर त्या जिल्ह्याच्या ठिकाणी रेल्वेच नव्हती.

त्यानंतर पाच-सहा वर्षांतच या मार्गाची कसोटी लागली. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराचे पाणी संपले. रेल्वेने कोटा येथे तेलाच्या टाकी-वाघिणी वाफेने धुऊन मिरजेला आणल्या. कृष्णेचे पाणी स्थानकाजवळच्या हैदरखान विहिरीपाशी शुद्ध करून त्या भरण्यात आल्या. ११ एप्रिलला पहिली गाडी १० वाघिणी घेऊन निघाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोचली : पाच लाख लिटर पाणी. काही दिवसांत वाघिणी ५० झाल्या आणि एका फेरीत २५ लाख लिटर पाणी जाऊ लागले. आरग, ढालगाव, सांगोला, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी ही बार्शी लाइटचीच जुनी गावे ओलांडत पावसाळ्यापर्यंत ही गाडी लातूरला पाणी नेत राहिली.