टायर जितका कडक तितकी सायकल हलकी, हा समज चुकीचा

इलेक्ट्रिक सायकलच्या टायरमध्ये त्याच्या बाजूवर छापलेल्या कमाल आकड्याइतकी हवा भरली, की सायकल हलकी चालते आणि बॅटरी जास्त पुरते, हा समज गुळगुळीत रस्त्यापुरता ठीक आहे. खडबडीत रस्त्यावर मात्र तो मनगटांना आणि कमरेला भोवतो. तो आकडा ही मर्यादा आहे, शिफारस नव्हे. अति कडक टायर खडीवर दबत नाही, त्यामुळे सायकल आणि स्वार दोघेही वर उचलले जातात आणि पुढे नेणारी ऊर्जा शरीराच्या थरथरीत वाया जाते. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले, ते मुळात हादरे कमी व्हावेत म्हणूनच.

दोन इंच रुंद टायरला, एकूण वजनानुसार, बहुधा ३० ते ४० पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) पुरतात. मागच्या चाकावर भार अधिक असल्याने, विशेषतः हब मोटर (चाकाच्या मध्यभागी बसवलेली मोटर) तिथेच असल्यास, त्यात थोडी जास्त हवा ठेवावी. हवा दोन-दोन पीएसआयने कमी करत जावे आणि वळणावर टायर डगमगू लागला किंवा खड्ड्यात रिम आपटली, तर तिथून थोडी वाढवावी. एवढे करूनही कंबर दुखत असेल तर स्प्रिंगचा सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) बसवावा. जाड, मऊ गादीची सीट लांबच्या प्रवासात उलट नाजूक भागावरचा दाब वाढवते.