पैसे रुंदीवर नको, रबरावर घाला

स्पोर्टी गाडीचे मूळचे टायर झिजायला आले की मालकाच्या डोक्यात दोन विचार एकदमच येतात. एक, या वेळी चांगले पकडीचे टायर घ्यायचे. दोन, ते इतके महाग का आहेत? नावाजलेल्या कंपन्यांच्या वरच्या श्रेणीतले चार टायर म्हणजे खिशाला चांगलाच खड्डा. स्वस्तातले पर्याय ढीगभर आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांच्या नावात स्पोर्ट, रेस किंवा पॉवर असं काहीतरी आहेच. त्यातला कोणता खरोखर रस्ता धरतो आणि कोणता नुसता तसा दिसतो, हे नावावरून कळत नाही. नक्षीवरून तर मुळीच नाही. त्यासाठी आधी टायर रस्ता धरतो म्हणजे नेमकं काय करतो, ते बघायला हवं.

एक सोपा हिशेब करू. गाडी १२०० किलोची आहे, म्हणजे एका चाकावर साधारण ३०० किलो. टायरमध्ये ३२ पीएसआय (पंपावर सांगतात ते हवेच्या दाबाचं माप) हवा आहे. हा भार हवेच्या दाबाने पेलायचा तर टायरचा किती भाग जमिनीला टेकला पाहिजे? उत्तर येतं सुमारे १३५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे मोठ्या माणसाच्या तळहाताएवढी जागा. ब्रेक, वेग आणि वळण ही तिन्ही कामं अशा चार जागांवरून होतात. बाकी गाडी कितीही लाख मोलाची असो.

या हिशेबात भार आला, दाब आला, पण टायरची रुंदी कुठेच आली नाही. टायरच्या बाजूच्या भिंतींचा ताठपणा थोडा भार उचलतो, त्यामुळे आकडा जरा इकडेतिकडे होतो, पण मुद्दा बदलत नाही. तेवढाच भार आणि तेवढीच हवा ठेवून टायर रुंद केला, तर टेकणारी जागा फारशी वाढत नाही, तिचा आकार बदलतो. आधी ती लांबट होती, आता आखूड आणि आडवी झाली. वळणावर याचा फायदा होतो, स्टीअरिंगला टायर चटकन प्रतिसाद देतो. शिवाय चाकाच्या एका फेरीत जास्त रबर कामाला लागतं, त्यामुळे उष्णता वाटली जाते आणि मऊ रबर लवकर संपत नाही. रुंदीचे हे फायदे खरे आहेत. पण ते मऊ, चांगलं रबर असेल तेव्हाचे. टणक रबराचा रुंद टायर हा बव्हंशी दिखावा असतो, आणि पावसात तो आधी पाण्यावर तरंगतो.

मग पकड येते कुठून? घर्षण टेकलेल्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, फक्त भारावर असतं, हा नियम शाळेत शिकवतात. लाकूड-लोखंडाच्या बाबतीत तो बऱ्यापैकी चालतो. रबर तो पाळत नाही. रबराचा घर्षणांक, म्हणजे भाराच्या किती पट पकड मिळते तो आकडा, भार वाढला की घटतो, वेगाप्रमाणे आणि तापमानाप्रमाणे बदलतो, आणि चांगल्या टायरच्या बाबतीत कोरड्या रस्त्यावर एकच्याही वर जातो. १९६३ साली ग्रॉश या संशोधकाने रबराचे तुकडे वेगवेगळ्या तापमानांना आणि वेगांना घासून पाहिले. रबराचं घर्षण त्याच्या लवचीक आणि दाट द्रवासारख्या अशा दुहेरी स्वभावातून येतं, हे त्या मोजमापांतून स्पष्ट झालं. रबर रस्त्याला दोन तऱ्हांनी धरतं. पहिली तऱ्हा रेणूंच्या पातळीवरची: रबराच्या साखळ्या खडीच्या पृष्ठभागाला क्षणभर चिकटतात, ताणल्या जातात, सुटतात, पुन्हा चिकटतात. रस्ता ओला असला की मधे पाण्याचा पापुद्रा येतो आणि ही तऱ्हा लंगडी पडते. दुसरी तऱ्हा तेव्हा कामी येते. खडीच्या बारीक टोकांवरून सरकताना रबर दबतं आणि परत वर येतं, पण दबायला लागलेली सगळी ऊर्जा परत करत नाही, काही उष्णता होऊन जाते. टोकाच्या पुढच्या बाजूला रबर जोराने दाबलं जातं, मागच्या बाजूला मात्र ते उशिरा आणि दुबळेपणाने उठतं. या फरकातून गाडीला मागे खेचणारं बल तयार होतं. या ऊर्जाक्षयाला हिस्टेरिसिस म्हणतात.

इथे टायर बनवणाऱ्याची कोंडी होते. ओल्या रस्त्यावर ज्या ऊर्जाक्षयाने जीव वाचतो, तोच ऊर्जाक्षय नुसतं सरळ जाताना इंधन खातो. चाक फिरताना टायरचा प्रत्येक भाग जमिनीशी येतो, दबतो, सुटतो, आणि दर वेळी थोडी ऊर्जा गमावतो. बरीच वर्षं हा एक तर पकड नाहीतर मायलेज असा सौदा होता. वाट निघाली ती वारंवारितेच्या फरकातून. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मध्यम आकाराच्या गाडीचं चाक सेकंदाला साधारण १४ फेऱ्या घेतं, म्हणजे टायर सेकंदाला १४ वेळा दबतो. पण ब्रेक लावल्यावर खडीच्या सूक्ष्म टोकांवरून सरकणारं रबर सेकंदाला हजारो ते लाखो वेळा हादरतं. हळू दबण्यात कंजूष आणि वेगवान हादऱ्यात उधळं, असं रबर जमलं तर दोन्ही साधतं.

ते जमलं सिलिकामुळे. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइअरने रबर गंधकासोबत तापवून टिकाऊ केलं. पुढे त्यात काजळी मिसळून ते मजबूत करण्याची पद्धत रुळली, टायर काळा असतो तो तिच्यामुळे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मिशलिनने काजळीच्या जागी मोठ्या प्रमाणात सिलिका (वाळूत असते त्या पदार्थाची बारीक पूड) वापरलेले टायर बाजारात आणले. सिलिका रबरात आपण होऊन मिसळत नाही. तिला रबराशी बांधायला सिलेन नावाची रसायनं लागतात, मिश्रण करतानाचं तापमान काटेकोर सांभाळावं लागतं, आणि हे सगळं महाग पडतं.

महागड्या आणि स्वस्त टायरमधला खरा फरक इथे आहे. नक्षीची नक्कल कुणीही करू शकतो. बाणासारख्या रेघा, मधला जाड पट्टा, भिंतीवरची झगमगीत अक्षरं हे सगळं साच्याचं काम. मिश्रणाची नक्कल अवघड आहे. म्हणून नक्षी हुबेहूब एखाद्या नामांकित टायरसारखी आणि किंमत निम्मी असेल, तर काटकसर बहुधा रबरात झाली आहे असं समजावं.

या काटकसरीची किंमत मीटरमध्ये मोजता येते. दोन सारख्या गाड्या ताशी १०० किलोमीटर वेगाने शेजारी शेजारी चालल्या आहेत आणि दोघींनी एकाच क्षणी पूर्ण ब्रेक लावला. एकीच्या टायरचा घर्षणांक १.०, दुसरीचा ०.९. पहिली ३९ मीटरच्या आसपास थांबते, दुसरी ४४ मीटरच्या जवळ. साडेचार मीटर म्हणजे एका गाडीची लांबी, फार वाटत नाही. पण पहिली गाडी जिथे उभी राहिली त्या रेषेवर दुसरीचा वेग किती असेल? ताशी साधारण ३२ किलोमीटर! थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गावर चालतं, त्यामुळे शेवटच्या काही मीटरमध्ये भरपूर वेग शिल्लक असतो. पकडीत फक्त दहा टक्के फरक, आणि एक गाडी उभी तर दुसरी समोरच्यावर आदळलेली.

तरीही सर्वांत मऊ, सर्वांत चिकट टायर घ्यावा असा याचा अर्थ नाही. ट्रॅकसाठीच्या टायरचं रबर गरम झाल्यावर खुलतं. सकाळी थंड रस्त्यावर पहिल्या काही किलोमीटरांत ते साध्या टायरहून वाईट वागू शकतं, आणि नक्षी उथळ असल्याने पावसात तर जपूनच. उलट बाजूला, तापमान सुमारे ७ अंशांखाली गेलं की उन्हाळी टायरचं रबर ताठर होऊ लागतं. जिथे हिवाळा कडक असतो तिथे त्यासाठी वेगळा टायर लागतो. रोज ऑफिसला जायचं, सुट्टीत घाटात जायचं, वर्षातून एखादा ट्रॅक दिवस, अशा वापराला मधली श्रेणी पुरते.

ही मधली श्रेणी ओळखायला भिंतीवरचे आकडे कामाला येतात, पण ते काय सांगत नाहीत हेही कळायला हवं. अमेरिकी पद्धतीत ट्रेडवेअर नावाचा आकडा असतो. टेक्सासमधल्या ठरलेल्या मार्गावर गाड्यांचा ताफा ७२०० मैल चालवतात, टायरची झीज एका प्रमाण टायरशी ताडून बघतात. ४००चा टायर २००च्या दुप्पट टिकावा, असा त्याचा अर्थ. मात्र अंतिम आकडा कंपनी स्वतः जाहीर करते. हौशी स्पर्धांच्या अनेक नियमांत किमान २०० ही अट असते, त्यामुळे बरोबर २०० लिहिलेले काही टायर प्रत्यक्षात त्याहून बरेच मऊ असतात. दोन वेगळ्या कंपन्यांचे आकडे समोरासमोर ठेवून फार काही सिद्ध होत नाही, एकाच कंपनीच्या दोन टायरमध्ये तुलना बरी. रस्त्यावरच्या चांगल्या परफॉर्मन्स टायरवर ३०० ते ३४० असे आकडे बरेचदा दिसतात. स्वस्त टायरवर ५०० असेल आणि नावात रेस असेल, तर दोन्हीपैकी काय खरं ते तुम्हीच ठरवा.

त्याच पद्धतीत ट्रॅक्शनची श्रेणी एए, ए, बी, सी अशी असते. ती ओल्या पृष्ठभागावर सरळ रेषेत ब्रेक लावून मोजतात, वळणाशी तिचा संबंध नाही. युरोपातल्या लेबलवर ओल्या रस्त्यावरची पकड, इंधनाची बचत आणि आवाज असतो. २०२१पासून तिथे पहिल्या दोन्हींसाठी ए ते ई अशा पाच श्रेणी आहेत. कोरड्या वळणावर टायर कसा वागतो, स्टीअरिंगमधून हाताला काय कळतं, हे त्यावर नसतं. पण स्वस्त टायर निवडताना ओल्या पकडीची श्रेणी हा माझ्या मते सगळ्यांत कामाचा एकच आकडा आहे, कारण मिश्रणातली काटकसर तिथेच आधी उघडी पडते. सी किंवा त्याखालचा टायर स्पोर्टी गाडीला घालण्यात अर्थ नाही.

आता पैसे कुठे वाचवायचे? माझं उत्तर आहे, रिममध्ये, म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या धातूच्या चाकात. दिसायला छान म्हणून लोक १६ इंचावरून १७ किंवा १८ इंचावर जातात. टायरच्या मापात पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत. २०५/५५ आर १६ चा व्यास ६३२ मिलिमीटर भरतो, २२५/४५ आर १७ चा ६३४. म्हणजे बाहेरून चाक तेवढंच, फक्त रबराची भिंत कमी आणि धातू जास्त. मोठं रिम अनेकदा जड असतं, टायर हमखास महाग असतो. ते वजन गाडीच्या स्प्रिंगच्या खाली, चाकासोबतच हलणारं असल्याने खडबडीत रस्त्यावर चाक उसळतं आणि पकड सुटते. खालच्या भिंतीमुळे स्टीअरिंग धारदार होतं हे मान्य, पण खड्ड्यात रिम वाकण्याची भीतीही तेवढीच. आत ब्रेक बसत असतील आणि उत्पादकाने परवानगी दिलेली असेल, तर लहान रिमवर उत्तम रबराचा टायर घालावा. मोठ्या रिमवरच्या साधारण टायरच्या पैशात तो बरेचदा बसतो आणि चालवायला जास्त मजा देतो. टोयोटाने २०१२ साली जीटी८६ ही स्पोर्ट्स कार आणली तेव्हा तिला २१५ मिलिमीटरचे, मिशलिनच्या प्रायमसी मालिकेतले शांत प्रवासी टायर दिले होते. पकड बेताची, पण गाडी काय करतेय ते चालकाला कमी वेगातही कळावं असा हेतू होता. त्या गाडीचं कौतुक करणाऱ्यांना ते आवडलंही.

दुसरी बचत ब्रँडमध्ये. मोठ्या कंपन्यांकडे दुसऱ्या फळीची नावं असतात: फायरस्टोन ब्रिजस्टोनच्या मालकीची आहे, बीएफगुडरिच मिशलिनची, बारुम आणि सेम्परिट काँटिनेंटलची, फाल्कन सुमितोमोची. त्यांचं मिश्रण थोरल्या भावासारखंच असतं असं नाही, पण चाचणीच्या सोयी आणि अनुभव त्याच घरातले. कोरियन हँकूक आणि कुम्हो यांना दुसऱ्या फळीत टाकणंही आता अन्यायाचंच आहे. कधीच न ऐकलेलं नाव असेल तर स्वतंत्र चाचणीत ओल्या ब्रेकिंगचा निकाल बघितल्याशिवाय घेऊ नये.

दुकानात तीन गोष्टी टायरवरच वाचून घ्याव्यात. भारांक: ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, उत्पादकाने सांगितल्यापेक्षा कमी नको. वेगाचं अक्षर: एच म्हणजे ताशी २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०. आणि तारीख: भिंतीवर डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, २३२४ म्हणजे २०२४चा २३वा आठवडा. भरघोस सवलतीतला टायर कधीकधी गोदामात वर्षानुवर्षं पडलेला असतो आणि रबर पडून राहूनही कडक होतं.

टायर बसवल्यावर हवा. साठच्या दशकात नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी धावपट्टीवरच्या विमानांसाठी सूत्र मांडलं: पाणी साचलेलं असेल तर टायर कोणत्या वेगाला पाण्यावर चढेल, हे हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतं. मोटारीला ते ढोबळच लागू होतं, पण ३२ पीएसआयला येणारा वेग ताशी ९४ किलोमीटर आणि २४ पीएसआयला ८२, एवढा फरक नुसत्या हवेचा. तापमान १० अंशांनी उतरलं की दाब साधारण दीड पीएसआयने घटतो, म्हणून ऋतू बदलला की हवा बघायची, तीही टायर थंड असताना.

बजेटमुळे दोनच टायर घेणार असाल तर नवे मागे घाला, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. ओल्या वळणावर पुढची चाकं सुटली तर गाडी वळणाच्या बाहेरच्या बाजूला सरकते, वेग कमी केला की बहुधा परत येते. मागची सुटली तर ती गरकन फिरते. आणि साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेल्या पदार्थाचा अंश नव्या रबरावर राहिलेला असतो, म्हणून पहिले दोनतीनशे किलोमीटर घाट टाळलेला बरा.